कोतवालावर फिर्याद

इसवी सन १७६३ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस लंडन शहरात सरकारी हुकुमाने काही छापखानेवाल्यांच्या घरांवर धाड पडली. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, इसवी सन १७९१ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस, आमच्या पुणे शहरात कोतवालाच्या कोठडीत काही तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. या दोन घटनांचा परस्परांशी कसलाही कार्यकारणसंबंध नाही. तथापि दोन्ही ठिकाणी उपस्थित झालेला प्रश्न मात्र एकच होता. प्रजेतील माणसास धरण्याचा, त्याच्या घराची झडती घेण्याचा व त्यास डांबून ठेवण्याचा अधिकार राज्याने ज्याच्या हाती दिला, त्यानेच त्या अधिकाराची मर्यादा उल्लंघिली, तर पीडिताने दाद मागावयाची कोठे आणि कशी? लंडनने या प्रश्नास एक उत्तर दिले, पुण्याने दुसरे दिले. त्या दोन उत्तरांचे फळ काय निघाले, आणि आज आपल्या देशात त्यांपैकी कोणते उत्तर कितपत चालते, याचा थोडासा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम पुण्याकडे वळू. पेशवाईतील कोतवाल म्हणजे आजचा पोलीस कमिशनर, एवढेच समजून चालणार नाही. रात्रीचा बंदोबस्त, चोरांचा तपास, बाजारातील वजने-मापे, शहरात येणाऱ्याजाणाऱ्या परक्या माणसांची नोंद, किरकोळ तंट्यांचा निवाडा, अपराध्यांस दंड, असा सर्व कारभार त्याच्याकडे असे. म्हणजे धरणारा तोच, तपास करणारा तोच आणि पुष्कळ प्रसंगी शासन करणाराही तोच. औरंगाबादेकडून आलेला घाशीराम सावळदास हा उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण सन १७७७ मध्ये या जागेवर आला व सुमारे चौदा वर्षे तीवर टिकला. नाना फडणविसांची त्याच्यावर मर्जी होती, आणि गावातील बातमी नानांच्या कानी पोहोचविण्याच्या कामी त्याचा उपयोग होत असे. घाशीरामाच्या नावावर पुढे अनेक आख्यायिका जमल्या. सन १८६३ मध्ये मोरोबा कान्होबा यांनी त्याच्यावर पुस्तक लिहिले, आणि सन १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे प्रसिद्ध नाटक रंगभूमीवर आले. परंतु नाटकातील प्रसंग हा इतिहासाचा पुरावा नव्हे. आपणांस येथे त्याच्या अखेरच्या दोनतीन दिवसांशीच कर्तव्य आहे.

श्रावणातील दक्षिणेसाठी पुण्यास आलेले सुमारे पस्तीस तेलंगी ब्राह्मण परतीच्या वाटेवर घाशीरामाच्या बागेत शिरले, तेथे त्यांचा व रखवालदारांचा तंटा झाला, आणि कोतवालाच्या माणसांनी त्यांस एका अरुंद कोठडीत कोंडले. कोठडीचे कुलूप मानाजी फाकडे यांनी फोडविले, तेव्हा आत वीसाच्या आसपास माणसे मेलेली आढळली. ही वार्ता शहरभर होताच ब्राह्मणांचा मोठा जमाव नानांच्या वाड्यापुढे जमला व कोतवालास शासन झाल्यावाचून हलणार नाही, असा त्याने हट्ट धरला. रामशास्त्री प्रभुणे यांस जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती, व त्यांच्या जागी अय्याशास्त्री हे न्यायाधीश होते. त्यांनी देहान्त शासन सांगितले. घाशीरामाची धिंड निघाली आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजी शहराबाहेर जमावाने त्यास दगडांनी ठेचून मारिले. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने ही हकीकत आपल्या सरकारास कळविली.

शिक्षा म्हणून पाहिले, तर याहून कडक ती काय असणार? जगातील थोड्याच शहरांत तेथील पोलीसप्रमुखास इतक्या झटपट व इतक्या उघडपणे प्रायश्चित्त मिळाले असेल. परंतु आमच्या मते या प्रकरणातील विचार करण्यासारखी गोष्ट शिक्षेची नव्हे. कोतवालाच्या हाती तपास व शासन ही दोन्ही कामे एकवटली होती, ती त्या दगडफेकीने वेगळी झाली नाहीत. पुढच्या कोतवालाने असे केल्यास पुण्यातील एखाद्या तेल्यातांबोळ्याने कोणाकडे जावे, याचा नियम काही ठरला नाही. मृतांच्या बायकामुलांस अमुक भरपाई मिळावी, असा न्यायही निघाला नाही. शिवाय हा क्षोभ झाला तो कोणासाठी? विद्वान म्हणून दक्षिणा घेण्यास आलेल्या वर्गातील माणसे मेली, व त्याच वर्गाचा जमाव वाड्यापुढे बसला, म्हणून. तोच प्रकार एखाद्या पेठेतील दहावीस मजुरांच्या वाट्यास आला असता, तर नानांच्या वाड्याचे दार इतक्या लवकर उघडले असते काय? वाचकांनीच उत्तर द्यावे.

आता लंडनकडे पाहू. २३ एप्रिल १७६३ रोजी ‘नॉर्थ ब्रिटन’ या साप्ताहिकाचा ४५ वा अंक निघाला. त्यात राजाच्या पार्लमेंटातील भाषणावर बोचरी टीका होती. लॉर्ड हॅलिफॅक्स या मंत्र्याने त्या अंकाचे लेखक, मुद्रक व प्रकाशक यांस धरण्याचे वॉरंट काढिले. पण त्यात एकाही इसमाचे नाव नव्हते. नाव कोणाचे घालावयाचे ते शिपायांनी ठरवावे, असा हा कोरा हुकूम होता. त्याच्या जोरावर ४९ माणसे पकडण्यात आली. त्यांतच पत्राचा कर्ता जॉन विल्क्स हाही होता. तो पार्लमेंटचा सभासद असल्यामुळे सरन्यायाधीश प्रॅट यांनी त्यास थोड्याच दिवसांत मुक्त केले. इथवरची कथा इतर राज्यांतही घडू शकली असती. वेगळेपण आहे ते पुढच्या भागात. धरलेल्या मुद्रकांनी व कामगारांनी धरणाऱ्या शिपायांवर नुकसानभरपाईचे दिवाणी दावे लाविले.

त्यांतील हकल नावाच्या मुद्रकाचा दावा मोठा बोधप्रद आहे. हा गृहस्थ आठवड्यास एक गिनी मिळविणारा साधा कामगार. त्यास सुमारे सहा तास अडकवून ठेविले होते, आणि तेवढ्या वेळात त्याच्या खाण्यापिण्याची बडदास्तही उत्तम ठेविली होती. नुकसान काय झाले, असे विचारले तर पैशांत ते मोजण्याइतकेही नव्हते. ज्यूरीने त्यास ३०० पौंड देवविले! रक्कम अवाच्या सवा आहे, म्हणून फेरतपासणी व्हावी, असे प्रतिवादीने म्हटले, पण प्रॅट यांनी ते मानिले नाही. सहा तासांच्या गैरसोयीची ही किंमत नसून, निनावी हुकुमाच्या आधाराने माणसाच्या घरात शिरणे ही गोष्टच किती भयंकर आहे, ते ज्यूरीने पाहिले असावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच वर्षाच्या ६ डिसेंबरास विल्क्सला रॉबर्ट वुड या उपसचिवाकडून १,००० पौंड मिळाले, आणि सन १७६९ मध्ये खुद्द हॅलिफॅक्सकडून ४,००० पौंड.

याच सुमारास एन्टिक नावाच्या लेखकाचा दावा चालला होता. सन १७६२ च्या नोव्हेंबरात राजाच्या चार हुजऱ्यांनी त्याच्या घरात शिरून चार तास कुलपे फोडिली व कागद नेले. आम्ही मंत्र्याच्या हुकुमाने गेलो, असा त्यांचा जबाब होता. सन १७६५ मध्ये, तोवर लॉर्ड कॅम्डन झालेल्या प्रॅट यांनी जो निकाल दिला, त्याचे सार असे : परक्याच्या जागेत पाऊल टाकणारा राजसेवक असला, तरी त्याने आपला अधिकार कायद्याच्या पुस्तकात दाखवावा, तो तेथे सापडत नसेल, तर तो नाहीच. राज्याची निकड हे काही कायद्याचे प्रमाण नव्हे. आज दोनशे साठ वर्षांनंतरही हा निकाल वकिलांच्या तोंडी आहे.

पुण्यात माणूस मारला गेला आणि नियम निघाला नाही. लंडनात कोणाच्या अंगास ओरखडाही निघाला नाही, आणि नियम मात्र निघाला. आमच्या लेखाचा हाच मध्यवर्ती विचार आहे. अधिकाऱ्याच्या अन्यायावरील उपाय किती कठोर आहे, यावर प्रजेचे रक्षण अवलंबून नसते. तो उपाय किती नियमित आहे, कोणाही फिर्याद्यास तो खुला आहे की नाही, यावर ते अवलंबून असते. तथापि इंग्रजांच्या या कीर्तीचे गोडवे गाताना दोन गोष्टी विसरता कामा नयेत. एक अशी की, विल्क्स हा पार्लमेंटचा सभासद होता व त्याच्या पाठीशी लंडनचे व्यापारी होते. त्याच शहरातील भिकाऱ्यास वा बेकारास हे दार तितके सुलभ नव्हते. दुसरी अशी की, या दाव्यांतील भरपाईचा बोजा अखेर सरकारी तिजोरीने उचलिला. ज्यांनी कुलपे फोडिली त्यांच्या खिशास फारशी तोशीस लागली नाही. हा दुसरा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो पुढे फिरून येणार आहे.

आणखी एक बारीकशी गोष्ट येथे सांगितली पाहिजे. सन १७५० मध्येच पार्लमेंटाने कॉन्स्टेबलांच्या संरक्षणाचा एक कायदा केला होता. मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटाप्रमाणे वागलेल्या कॉन्स्टेबलास त्यात अभय होते, व त्याच्यावरील दावा सहा महिन्यांच्या आत लाविला पाहिजे, असे बंधन होते. एन्टिकच्या खटल्यात राजाच्या हुजऱ्यांनी याच कायद्याचा आसरा मागितला व कॅम्डन यांनी तो नाकारिला. इंग्रजी राज्याबरोबर आपल्या देशात यांपैकी काय आले, हे पाहिले म्हणजे मौज वाटते आणि खेदही होतो.

कंपनी सरकारच्या अमलात येथे जे पोलीस होते, त्यांच्या कारभाराचे भयंकर चित्र मद्रास इलाख्यातील चौकशीने उघडे केले. सन १८५४ मध्ये पार्लमेंटात या गोष्टीची चर्चा झाल्यावर मद्रास सरकारने इलियट, स्टोक्स व नॉर्टन या तिघांचे एक कमिशन नेमिले, व सन १८५५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. शेकडो रयतेने आपली गाऱ्हाणी त्यापुढे मांडिली. बोटे चिरडण्याचा ‘किट्टी’ नावाचा लाकडी चाप, माणसास वाकवून तासन्‌तास तसेच बांधून ठेवण्याचा ‘अनुंदाळ’ नावाचा प्रकार, असे अनेक यातनाप्रकार त्यात नमूद आहेत. विशेष हे की, या यातना केवळ चोरीचा कबुलीजबाब घेण्यासाठी नव्हत्या, तर सरकारी सारा वसूल करण्यासाठीही होत्या. सारा वसूल करणारा तहशीलदार, पोलिसांचा वरिष्ठ व मॅजिस्ट्रेट हे तिन्ही अधिकार एकाच कचेरीत असल्यावर, मारणाऱ्याचीच फिर्याद मारणाऱ्याकडे करावयाची, अशी रयतेची स्थिती होई. दादीसाठी कैक कोस पायपीट, कामाचे दिवस बुडणे, साक्षीदारांवर दडपण, या अडचणीही कमिशनने नमूद केल्या आहेत. कार्ल मार्क्सने सन १८५७ मध्ये एका अमेरिकन वर्तमानपत्रात याच अहवालावर लेख लिहिला. पुण्याचा कोतवाल आणि मद्रासचा तहशीलदार यांच्यामध्ये चौसष्ट वर्षांचे अंतर आहे, पण रोग एकच : धरणे, तपासणे व न्याय करणे यांचा एकाच हाती संगम.

सत्तावन सालच्या उत्पातानंतर सन १८६० मध्ये पोलीस कमिशन नेमिले गेले, व सन १८६१ चा पाचवा कायदा झाला. सारावसुली व पोलीस यांची फारकत करण्याच्या दिशेने हे पाऊल होते, हे मान्य केले पाहिजे. त्याच सुमारास पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून घ्यावयाचा नाही, असा नियमही झाला. तो पुढे सन १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या २५ व्या कलमात आला, आणि सन २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमात तो कायम आहे. आपल्याच सेवकांपुढे दिलेल्या जबाबावर आपला विश्वास नाही, अशी सरकारने इतक्या स्पष्ट शब्दांत दिलेली ही कबुली होय!

परंतु दिवाणी दाव्याचे काय? सन १८६१ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमाने असे ठरविले की, या कायद्याखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर दावा वा फिर्याद करावयाची तर ती तीन महिन्यांच्या आत केली पाहिजे, आणि तत्पूर्वी निदान एक महिना लेखी नोटीस दिली पाहिजे. म्हणजे इंग्लंडातील सहा महिने येथे तीन झाले, व त्यांतलाही एक नोटिशीत गेला. मार खाऊन अंथरुणास खिळलेल्या निरक्षर शेतकऱ्याने दोन महिन्यांत वकील गाठावा, कागद करावेत व साक्षीदार जमवावेत! कॉन्स्टेबलास मिळणारा आसरा विलायतेहून आला, पण हकलला ३०० पौंड देणारी ज्यूरी काही त्या गलबतातून उतरली नाही.

आमच्या मुंबई इलाख्यात पोलिसांचे कायदे निराळे झाले. त्यांच्याच परंपरेतील सन १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, ज्यास आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, १६१ वे कलम आहे. कर्तव्याच्या नावाखाली वा कर्तव्याचा अतिक्रम करून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा सहा महिन्यांत लाविला पाहिजे, असे ते सांगते. ‘कर्तव्याच्या नावाखाली’ या शब्दांत काय काय बसते, यावर पुष्कळ वाद झाला. सन १९६६ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने असा निकाल दिला की, संशयितास मारहाण करणे हे पोलिसाच्या कोणत्याही कर्तव्यात बसत नाही, म्हणून त्यास या मुदतीचे कवच मिळावयाचे नाही. कॅम्डनने जे हुजऱ्यांस सांगितले, तेच दोनशे वर्षांनी आमच्या न्यायमंदिराने शिपायांस सांगितले : अधिकार दाखव, नाहीतर कवच उतरव.

मात्र शिपायावर दावा जिंकूनही फिर्याद्याच्या पदरात काय पडावयाचे? शिपायाजवळ पैसा नसतो. भरपाई खरोखर मिळावयाची तर ती सरकारकडूनच. आणि येथे एक विलक्षण कोडे उभे राहते. सन १८६१ मध्येच कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टापुढे एक दावा आला. खिदिरपूरच्या सरकारी गोदीतील मजूर एक जड लोखंडी वस्तू नेत असता ती आपटली, त्या आवाजाने एका जहाज कंपनीच्या गाडीचे घोडे बुजले, व एका घोड्यास इजा झाली. कंपनीने ३५० रुपये मागितले. सर बार्न्स पीकॉक यांनी ते देवविले. पण असे करताना त्यांनी भेद केला की, व्यापारासारख्या कामातील चुकीबद्दल सरकार जबाबदार, राजसत्तेच्या कामातील चुकीबद्दल नव्हे.

या भेदाचे फळ एकशेतीन वर्षांनी दिसले. सन १९४७ च्या सप्टेंबरात अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार सोनेचांदी विकण्यासाठी मीरतेस गेला असता पोलिसांनी त्यास संशयावरून धरिले, व त्याचे शंभराहून अधिक तोळे सोने ठाण्याच्या मालखान्यात ठेविले. माणूस निर्दोष सुटला, चांदी परत मिळाली. पण सोने एका हेड कॉन्स्टेबलाने पळविले व तो पाकिस्तानात निघून गेला. कस्तुरीलाल या नावाने प्रसिद्ध असलेला हा दावा सन १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टात निकालास लागला. निकाल देणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर हे आमच्या साताऱ्याचे. पोलिसांची हयगय त्यांस मान्य होती. पण धरणे व माल ताब्यात घेणे हे राजसत्तेचे काम असल्यामुळे सरकारवर दावा चालत नाही, असे त्यांनी ठरविले. आपणच दिलेल्या निकालाबद्दल त्यांनी असमाधान दर्शविले, आणि विधिमंडळाने कायदा करावा, असे सुचविले. तसे विधेयक लोकसभेपुढे आलेही, पण त्याचा कायदा कधी झाला नाही. गोदीतल्या घोड्यास भरपाई मिळते व ठाण्यातील सोन्याची मिळत नाही, अशी ही विसंगती कायद्याने जशीच्या तशी राहू दिली.

कायदेमंडळाने जे केले नाही, ते न्यायालयाने निराळ्या वाटेने केले. बिहारमधील एक इसम सन १९६८ च्या जूनमध्ये निर्दोष ठरला असूनही चौदा वर्षे तुरुंगात राहिला. त्याची सुटका १९८२ च्या ऑक्टोबरात झाली. सन १९८३ मध्ये रुदूल शहा या नावाच्या त्या खटल्यात पुण्यास जन्मलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी, घटनेने दिलेल्या जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचा भंग झाला, तर न्यायालय केवळ सुटकेचा हुकूम देऊन थांबणार नाही, असे ठरवून त्यास एकूण ३५,००० रुपये देवविले. याशिवाय पूर्ण भरपाईसाठी दिवाणी दावा लावण्याची त्याची मुभाही त्यांनी राखून ठेविली. हे प्रकरण तुरुंगाचे होते, पण वाट पोलिसांच्या प्रकरणांसही मोकळी झाली. सन १९८५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या विधानसभेच्या एका सभासदास अधिवेशनास जाऊ न देता पोलिसांनी अडकविले, म्हणून ५०,००० रुपये देवविण्यात आले. दिल्लीत पोलिसांच्या मारहाणीने एक नऊ वर्षांचा मुलगा मेला, तेव्हा त्याच्या आईस ७५,००० रुपये देवविले गेले, आणि ही रक्कम दोषी अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याची मुभा सरकारास देण्यात आली.

या मालिकेतील कळस म्हणजे सन १९९३ चा नीलाबती बेहेरा खटला. ओरिसातील सुंदरगड जिल्ह्यात १९८७ च्या डिसेंबरात पोलिसांनी बावीस वर्षांच्या एका तरुणास चौकीत नेले, व दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वेच्या रुळांवर सापडले. त्याच्या आईने सुप्रीम कोर्टास एक पत्र लिहिले. त्या पत्रासच न्यायालयाने अर्ज मानिले, चौकशी करविली, पोलिसांचा पळून गेल्याचा बचाव खोटा ठरविला, आणि १,५०,००० रुपये देवविले. घटनेतील मूलभूत हक्कांच्या बाबतीत ‘राजसत्तेचे काम’ हा बचाव चालणार नाही, असे न्यायमूर्ती वर्मा यांनी स्पष्ट केले. सन १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात अटकेसंबंधी अकरा नियम घालून दिले गेले : अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची स्पष्ट खूण असावी, अटकेचा साक्षीदारासह कागद व्हावा, आप्तांस कळवावे, वेळोवेळी वैद्यकीय तपासणी व्हावी, इत्यादी. हॅलिफॅक्सच्या वॉरंटात धरावयाच्या माणसाचे नाव नव्हते. आमच्याकडे धरणाऱ्याचे नावच कळत नसे. दोन्हीकडे अन्यायाचा आरंभ निनावीपणातून झाला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

इतके झाल्यावर आता चिंता कसली, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, वर सांगितलेली भरपाई सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या करांतून जाते. ज्या हाताने काठी उगारली त्या हातास तिची झळ बहुधा पोहोचत नाही. लंडनच्या तिजोरीने १७६३ मध्ये जे केले, तेच येथे चालले आहे. पीडिताच्या दृष्टीने हे योग्यच आहे. त्यास पैसा मिळालाच पाहिजे, आणि तो सरकारच देऊ शकते. इंग्लंडातही सन १९३० मध्ये असा निकाल झाला होता की, कॉन्स्टेबल हा नगरपालिकेचा नोकर नव्हे, म्हणून त्याच्या चुकीस ती जबाबदार नाही. ही अडचण ओळखून तेथे सन १९६४ च्या पोलीस कायद्याने मुख्य अधिकाऱ्यास कॉन्स्टेबलांच्या कृत्यांबद्दल जबाबदार धरिले, व भरपाई सार्वजनिक निधीतून देण्याची सोय केली. पण पैसा तिजोरीने द्यावा आणि चौकशी मात्र कोणीच करू नये, असे झाले, तर भरपाई ही न्यायाची खूण न राहता अन्यायाचे भाडे होऊन बसते.

म्हणूनच दाव्याच्या जोडीस तक्रारीची स्वतंत्र व्यवस्था लागते. माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये केलेल्या अर्जावर सुप्रीम कोर्टाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सात आदेश दिले. त्यांतील एक असा की, प्रत्येक राज्यात व प्रत्येक जिल्ह्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे. अर्ज करणारा स्वतः पोलीस खात्यातील ज्येष्ठ अधिकारी होता, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. महाराष्ट्राने सन २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून राज्य पातळीवर व विभागीय पातळीवर अशी प्राधिकरणे योजिली. जिल्ह्याऐवजी विभाग घेतल्याने गडचिरोलीच्या माणसास नागपूर गाठावे लागते. मद्रासच्या रयतेची पायपीट ज्यांनी वाचली आहे, त्यांस या अंतराचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

अशा तक्रारींमुळे पोलिसांचा धीर खचेल व गुन्हेगार माजतील, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अगदीच टाकाऊ नाही. दंगलीच्या गर्दीत क्षणात निर्णय घेणाऱ्या शिपायाच्या प्रत्येक चुकीस अपराध मानिले, तर कोणी पुढे होणार नाही. परंतु सद्‌बुद्धीने केलेल्या कृत्यास कायद्याने अभय दिलेलेच आहे. शिवाय प्रामाणिक अधिकाऱ्यास नियमित चौकशीचे भय बाळगण्याचे कारण काय? तिच्याइतका त्याचा हितकर्ता दुसरा नाही. साक्षी तपासल्या जातात, उलटतपासणी होते, व खोटी फिर्याद उघडी पडते. चौकशीची रीत नसली म्हणजे खऱ्याखोट्याचा निवाडा रस्त्यावर होतो, आणि रस्ता कोणाचे म्हणणे ऐकून घेत नाही. घाशीराम कितीही दोषी असो, त्याच्या शेवटाकडे पाहून कोणत्याही कोतवालास असे वाटले पाहिजे की, यापेक्षा न्यायाधीशापुढची फिर्याद सहस्रपटींनी बरी.

अडीच शतकांचा हा प्रवास पाहिला, तर निराशेस तितकेसे कारण नाही. १७६३ मध्ये दाद मिळविण्यास पार्लमेंटच्या सभासदाच्या खटल्याची वावटळ उठावी लागली. १७९१ मध्ये एका समर्थ जातीचा जमाव वाड्यापुढे बसावा लागला. १९९३ मध्ये ओरिसातील एका मातेचे पत्र पुरले. हा फरक लहान नव्हे. पण ते पत्र दिल्लीपर्यंत जावे लागले, आणि निकाल लागण्यास पाच वर्षांवर काळ गेला, हेही तितकेच खरे. ज्या दिवशी तसल्या पत्राची दखल त्या आईच्या तालुक्याच्या गावीच घेतली जाईल, व तिने ते पाठविण्यापूर्वी पत्राच्या उत्तराची भीती न वाटता उत्तराची खात्री वाटेल, त्या दिवशी १७९१ च्या त्या पुणेकर जमावास जे साधले नाही, ते आपल्यास साधले, असे म्हणता येईल.